पाच वेळा झालेली बेरीज

सर्व्हरच्या टर्मिनलवर ‘५ + ७ = १२’ ही ओळ थांबून थांबून पाच वेळा उमटली, आणि क्लायंटच्या टर्मिनलवर पंचवीस सेकंदांच्या शांततेनंतर ‘कॉल फेल्ड: आरपीसी: टाइम्ड आउट’ एवढेच आले. बेरीज बरोबर होती, पाचही वेळा बरोबर होती, पण ज्याने ती मागितली त्या क्लायंटपर्यंत ती एकदाही पोहोचली नव्हती. अंतिम वर्षाच्या संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी मी रिमोट प्रोसिजर कॉलचे, म्हणजे आरपीसीचे, प्रात्यक्षिक तयार करत होते. दोन संख्या घेऊन त्यांची बेरीज परत करणारा सर्व्हर हा या विषयातला सर्वांत साधा प्रोग्राम मानला जातो. तो चालता करण्यात माझे दोन दिवस गेले. त्या दोन दिवसांत जे दिसले ते क्रमाने लिहून ठेवावे, असे मला वाटते.

दुसऱ्या यंत्रावरचे फंक्शन आपल्याच प्रोग्रामातले असल्यासारखे हाकारता यावे, ही कल्पना अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तपशीलवार मांडली. त्यामागे झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रातले काम होते. मी प्रात्यक्षिकासाठी निवडली ती त्याच दशकात सन मायक्रोसिस्टिम्सने तयार केलेली आणि एनएफएस या नेटवर्कवरच्या फाइल-व्यवस्थेचा पाया झालेली पद्धत. आज नव्या कामासाठी ती कोणी फारशी घेत नाही हे मला ठाऊक आहे. पण तिच्यात काहीही झाकलेले नसते. आपण एका छोट्या फाइलमध्ये फंक्शनचे नाव, त्याला काय द्यायचे आणि त्याच्याकडून काय घ्यायचे एवढे लिहितो. ‘आरपीसीजेन’ हा प्रोग्राम त्यावरून सी भाषेतल्या फाइली तयार करून देतो, आणि त्या फाइली उघडून ओळ न् ओळ वाचता येतात. शिकवणाऱ्याला याहून सोयीचे काही मिळणे कठीण.

माझ्या वर्णनाच्या फाइलमध्ये दोन पूर्णांकांची एक रचना होती, ‘अ‍ॅड’ नावाचे एकच फंक्शन होते आणि प्रोग्रामचा क्रमांक षोडशमान (सोळाच्या पायाच्या) पद्धतीत आठ अंकी २००००००१ होता. इथे अंक मोजूनच लिहावे लागतात, कारण वापरकर्त्यांना स्वतःच्या प्रोग्रामसाठी राखून ठेवलेला पट्टा बरोबर त्याच्या आधीच्या, आठ अंकी २०००००००पासून सुरू होतो. दशमान पद्धतीत माझा क्रमांक ५३६८७०९१३ येतो. हा आकडा पुढे अनेकदा पडद्यावर दिसणार असल्याने मी तो फळ्यावर लिहून ठेवला होता.

पहिला अडथळा नोंदणीचा आला. या पद्धतीत सर्व्हरला ठरलेला पोर्ट, म्हणजे यंत्रावर त्याला गाठण्याचा क्रमांक, नसतो. तो सुरू होताना मिळेल तो पोर्ट घेतो आणि ‘आरपीसीबाइंड’ या सेवेकडे ‘अमुक क्रमांकाचा प्रोग्राम तमुक पोर्टवर आहे’ अशी नोंद करतो. आरपीसीबाइंड स्वतः मात्र नेहमी १११ या पोर्टवर असते. क्लायंट आधी तिथे चौकशी करतो आणि मग खऱ्या पोर्टकडे वळतो. प्रयोगशाळेतल्या यंत्रांवर उबुंटू १८.०४ होते. तिथे साध्या वापरकर्त्याच्या खात्यातून सर्व्हर सुरू करताच ‘कॅनॉट रजिस्टर सर्व्हिस’ असे सांगून ‘क्लायंट क्रेडेन्शियल टू वीक’ हे कारण पडद्यावर आले. हा संदेश वाचून माझ्या क्लायंट प्रोग्रामात काही चुकले असावे असे मला वाटले आणि मी अर्धा तास त्यातच शोधत बसले. वास्तविक त्या क्षणी माझा सर्व्हरच आरपीसीबाइंडचा क्लायंट होता, आणि प्रशासकाच्या अधिकाराशिवाय नोंद करू पाहणाऱ्याला आरपीसीबाइंड नाकारत होती. ‘सुडो’ने सर्व्हर सुरू केला, तेव्हा नोंद झाली. ‘आरपीसीइन्फो’ला ‘पी’ हा पर्याय देऊन यादी मागितली, तर तीत ५३६८७०९१३ यूडीपी आणि टीसीपी या नेटवर्कवर माहिती पाठवण्याच्या दोन्ही पद्धतींवर दिसू लागला.

या यादीबद्दल एक गोष्ट मला नंतर कळली, पण ती इथेच सांगणे योग्य. सर्व्हर कंट्रोल-सी दाबून बंद केला, तरी त्याची नोंद यादीतून जात नाही. यादी फक्त एवढेच सांगते की कोणीतरी कधीतरी नोंद केली होती. सर्व्हर बंद असताना यादीवर विश्वास ठेवून मी क्लायंट चालवला, तेव्हा ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आले. तेव्हापासून मी यादी पाहण्याआधी सर्व्हर खरोखर चालू आहे का, ते पाहू लागले.

नोंद झाली, क्लायंट शेजारच्या यंत्रावरून चालवला आणि सुरुवातीला सांगितलेले दृश्य समोर आले. शेजारचे यंत्र मध्ये असल्याने माझा संशय लगेच फायरवॉलवर गेला. तो अगदीच निराधार नव्हता. १११ हा पोर्ट उघडा आणि सर्व्हरला मिळालेला पोर्ट बंद, अशी स्थिती असेल तर चौकशी यशस्वी होते आणि प्रत्यक्ष विनंती मध्येच गिळली जाते. तेव्हाही क्लायंटला नेमका हाच ‘टाइम्ड आउट’ मिळतो. पण माझ्या बाबतीत विनंती पोहोचत होती, याचा पुरावा सर्व्हरच्या पडद्यावर पाच वेळा उमटला होता, आणि तो डोळ्यांसमोर असूनही मी दोन्ही यंत्रांवरची फायरवॉल बंद करून पाहिली. फरक पडला नाही. मग क्लायंट आणि सर्व्हर एकाच यंत्रावर आणले, ‘लोकलहोस्ट’ असा पत्ता दिला, तरीही तेच झाले. नेटवर्क निर्दोष ठरले आणि पहिला दिवस संपला.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही टर्मिनलांवर वेळ छापण्याची व्यवस्था केली. सर्व्हरच्या पाच ओळींमध्ये दर वेळी पाच सेकंदांचे अंतर होते. आरपीसीजेनने तयार केलेली क्लायंटची फाइल उघडली, तर तिच्या माथ्यावरच पंचवीस सेकंदांची मुदत लिहिलेली सापडली. पाच सेकंदांनी एकदा, पंचवीस सेकंदांपर्यंत, म्हणजे पाच वेळा. तोवर मी त्या पाच ओळींकडे काहीतरी बिघडल्याची खूण म्हणून पाहत होते. आता त्यांत एक हिशेब दिसू लागला. यूडीपीवर पाठवलेले पॅकेट पोहोचेलच याची हमी नसते, म्हणून उत्तर आले नाही तर क्लायंटच्या बाजूची लायब्ररी तीच विनंती ठरावीक अंतराने पुन्हा पाठवते. मी माझ्या कोडमध्ये फंक्शन एकदाच हाकारले होते, पण सर्व्हरवर ते पाचदा चालले होते.

ताडून पाहण्यासाठी क्लायंटमध्ये यूडीपीच्या जागी टीसीपी लिहिले. या वेळी सर्व्हरवर बेरीज एकदाच छापली गेली, कारण टीसीपीवर पोहोचवण्याची जबाबदारी खालच्या थराकडे असते आणि आरपीसीची लायब्ररी विनंती पुन्हा पाठवत नाही. क्लायंटला मात्र पंचवीस सेकंदांनी तोच ‘टाइम्ड आउट’ मिळाला. म्हणजे पाच ओळी हा मूळ दोष नव्हता. मूळ दोष एवढाच होता की उत्तर निघतच नव्हते.

उत्तर निघत नाही की निघून वाटेत हरवते, हे ठरवण्यासाठी मी नेटवर्कवरून जाणारी पॅकेटे दाखवणारा ‘टीसीपीडंप’ लावला. पुन्हा यूडीपीवर येऊन क्लायंट चालवला तेव्हा पाच पॅकेटे दिसली. प्रत्येकाचा मजकूर ४८ बाईटांचा होता आणि पहिले चार बाईट पाचही पॅकेटांत सारखे होते. ते चार बाईट म्हणजे त्या विनंतीचा व्यवहार क्रमांक. तो सारखा असणे म्हणजे पाचही पॅकेटे एकाच विनंतीच्या प्रती असणे. ४८ हा आकडाही मी कागदावर जुळवून पाहिला. व्यवहार क्रमांक, संदेशाचा प्रकार, आरपीसीची आवृत्ती, प्रोग्रामचा क्रमांक, त्याची आवृत्ती आणि फंक्शनचा क्रमांक यांचे प्रत्येकी चार, मग ओळखपत्र आणि त्याची पडताळणी यांचे आठ-आठ, असे ४० होतात. उरलेल्या आठांत माझ्या दोन संख्या, ५ आणि ७, प्रत्येकी चार बाईटांत, मोठा बाईट आधी या क्रमाने बसल्या होत्या. इंटेलच्या प्रोसेसरवर हा क्रम उलटा असतो. दोन भिन्न यंत्रांनी एकमेकांना समजून घ्यावे म्हणून एक्सडीआर या नियमाने तो वाटेपुरता एकसारखा केला जातो. वर्गात ही गोष्ट मी अनेकदा सांगितली होती, पण ते आठ बाईट स्वतःच्या डोळ्यांनी पाहताना मला मनापासून आनंद झाला, आणि मुलांनाही हे दाखवायचेच, असे मी तेव्हाच ठरवले.

उलट दिशेने मात्र एकही पॅकेट नव्हते. सर्व्हरने उत्तर पाठवलेच नव्हते.

आता संशयाला सर्व्हरचा प्रोग्राम एवढी एकच जागा उरली होती, पण तो तर व्यवस्थित बेरीज करून छापत होता. मी ‘आरपीसीइन्फो’ला ‘यू’ हा पर्याय, यंत्राचे नाव, प्रोग्रामचा क्रमांक आणि आवृत्ती देऊन पाहिले. ‘प्रोग्राम ५३६८७०९१३ व्हर्जन १ रेडी अँड वेटिंग’ असे उत्तर तत्काळ आले. हा आदेश सर्व्हरचे शून्य क्रमांकाचे फंक्शन हाकारतो. ते प्रत्येक आरपीसी सर्व्हरमध्ये असते, काहीही करत नाही आणि फक्त हजेरी देते. ते आपण लिहीत नाही, आरपीसीजेन लिहितो. त्यामुळे एकाच सर्व्हरमधून आरपीसीजेनने लिहिलेल्या फंक्शनचे उत्तर बाहेर पडत होते आणि मी लिहिलेल्या फंक्शनचे पडत नव्हते, हे पक्के झाले. माझ्या मते या सगळ्या शोधातली सर्वांत उपयोगी पायरी हीच होती, आणि ती मी पहिल्याच तासाला घेतली असती तर फायरवॉलकडे वळण्याची वेळ आली नसती.

मग मी तोवर टाळलेले काम केले, आरपीसीजेनने तयार केलेली सर्व्हरची फाइल नीट वाचली. तिच्यात विनंतीच्या क्रमांकानुसार योग्य फंक्शनकडे जाणारा एक भाग आहे. शून्य क्रमांक आला तर तिथल्या तिथे रिकामे उत्तर पाठवून तो मोकळा होतो. इतर क्रमांकांसाठी तो आधी आलेले बाईट उलगडून संख्या काढतो, माझ्या फंक्शनला देतो, आणि माझ्या फंक्शनने परत केलेला पॉइंटर, म्हणजे उत्तर साठवलेल्या जागेचा पत्ता, शून्य नसेल तरच उत्तर पाठवतो. पॉइंटर शून्य असेल तर तो चूक कळवत नाही, काही छापत नाही, गप्प राहून पुढच्या विनंतीची वाट पाहतो. ही अट विचारपूर्वक ठेवलेली आहे. काही सेवांना उत्तर द्यायचेच नसते, आणि तशा फंक्शनने शून्य पॉइंटर परत करावा असा या पद्धतीचा संकेत आहे.

माझे फंक्शन शून्य परत करत नव्हते, अशी माझी खात्री होती. त्यात मी ‘बेरीज’ नावाचा एक पूर्णांक घेतला होता, त्यात उत्तर साठवले होते, ते छापले होते आणि शेवटी त्या पूर्णांकाचा पत्ता परत केला होता. तरीही ‘जीडीबी’ हा चुका शोधण्याचा प्रोग्राम लावून त्या फंक्शनवर थांबले आणि ‘फिनिश’ हा आदेश दिला. परत आलेले मूल्य शून्य होते.

आता कारण उलगडले. ‘बेरीज’ हा पूर्णांक फंक्शनच्या आत, स्टॅकवर, म्हणजे फंक्शन चालू असेपर्यंतच्या तात्पुरत्या जागेत होता, आणि फंक्शन संपताच त्याची जागा आपली राहत नाही. त्याचा पत्ता परत करणे ही सी भाषेतली जुनी आणि प्रसिद्ध चूक आहे, आणि ती माझ्या हातून झाली होती, कारण आरपीसीजेनचा तयार नमुना न वापरता सर्व्हरची फाइल मी स्वतः लिहिली होती. नमुन्यात उत्तराच्या पूर्णांकापुढे ‘स्टॅटिक’ हा शब्द असतो, त्यामुळे त्याची जागा फंक्शन संपल्यावरही टिकते. तो तिथे का आहे याचा विचार न करता मी तो सोडून दिला होता. पण तो पत्ता शून्य का व्हावा? आमच्या यंत्रांवरचा कंपायलर जीसीसी ७ होता. फंक्शनच्या आतल्या चलाचा पत्ता थेट परत केलेला दिसला, तर हा कंपायलर इशारा देतो आणि त्या पत्त्याच्या जागी शून्य ठेवतो. एरवी त्याचा परिणाम प्रोग्राम तात्काळ कोसळण्यात होतो, आणि चूक लगेच सापडते. इथे मात्र त्या शून्याला आरपीसीच्या संकेतात ‘उत्तर देऊ नकोस’ असा अर्थ आधीपासूनच होता. कंपायलरने ठेवलेले शून्य सर्व्हरने सूचना म्हणून वाचले आणि तंतोतंत पाळले. शून्य न ठेवणारा कंपायलर असता, तर क्लायंटला स्टॅकवरची कोणतीतरी निरर्थक संख्या मिळाली असती, आणि मी बेरीज कशी चुकते याचा शोध घेत बसले असते.

कंपायलरने इशारा दिला असणारच, मग तो मला का दिसला नाही, याचेही उत्तर माझ्याच मेकफाइलमध्ये, म्हणजे कंपाइल करण्याच्या सूचनांच्या फाइलमध्ये, होते. आरपीसीजेनने बनवलेल्या फाइलींत न वापरलेली चले असतात. त्यांच्याबद्दलचे इशारे मुलांना गोंधळात टाकतील, म्हणून मी सगळेच इशारे बंद करणारा पर्याय घातला होता. तो काढून टाकला आणि पुन्हा कंपाइल केले, तेव्हा चार निरुपद्रवी इशाऱ्यांच्या मध्ये ‘फंक्शन रिटर्न्स अ‍ॅड्रेस ऑफ लोकल व्हेरिएबल’ ही ओळ, फाइलच्या नावासह आणि ओळीच्या क्रमांकासह, उभी होती.

‘स्टॅटिक’ हा एक शब्द घातला. क्लायंटने ‘१२’ छापले. टीसीपीडंपमध्ये एक पॅकेट जाताना आणि एक येताना दिसले. येणाऱ्या पॅकेटचा मजकूर २८ बाईटांचा होता, आणि त्यातल्या शेवटच्या चार बाईटांत १२ ही संख्या होती.

काम इथे संपले असते, पण त्या पाच ओळी माझ्या मनातून जात नव्हत्या. बेरीज पाचदा झाली तर कोणाचे काही बिघडत नाही. पण पाचदा केल्याने बिघडेल असे काम असते तर? मी बेरजेच्या जागी एक गणक ठेवला, तो प्रत्येक हाकेला एकने वाढेल असे केले, आणि फंक्शनला मुद्दाम सात सेकंद थांबायला लावले. क्लायंट पहिल्यांदा चालवला तेव्हा उत्तर १ आले. थोडे थांबून दुसऱ्यांदा चालवला तेव्हा ३, आणि तिसऱ्यांदा ५. पाचव्या सेकंदाला क्लायंट विनंती पुन्हा पाठवत होता, सर्व्हर पहिली संपवून दुसरीही प्रामाणिकपणे करत होता, आणि ती दुसरी क्लायंटच्या गावीही नव्हती. या प्रयोगात कुठेही चूक नव्हती, सर्व फंक्शने बरोबर होती, प्रत्येक विनंतीला उत्तर मिळत होते, तरी गणक चुकत होता. गणकाच्या जागी बँकेच्या खात्यातून रक्कम वजा करणारे फंक्शन असते तर काय झाले असते, हे मुलांना वेगळे सांगावे लागले नाही. एनएफएसमध्ये ‘फाइलच्या अमुक बाईटापासून इतके बाईट वाच’ अशा स्वरूपाच्या, कितीही वेळा केल्या तरी परिणाम न बदलणाऱ्या विनंत्यांवर भर का होता, हे मला या गणकामुळे जितके स्पष्ट झाले तितके वाचून कधी झाले नव्हते.

घरच्या यंत्रावर उबुंटू २२.०४ आहे. तिथे हाच प्रोग्राम आधी कंपाइलच होईना, कारण आरपीसीची शीर्षक-फाइल सापडत नव्हती. सनच्या या पद्धतीचा कोड जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीमध्ये वर्षानुवर्षे होता, तो ऑगस्ट २०२० मधल्या २.३२ या आवृत्तीत काढून टाकण्यात आला. आता ‘लिबटीआयआरपीसी’ ही लायब्ररी वेगळी घ्यावी लागते, तिच्या शीर्षक-फाइलींचा मार्ग कंपायलरला सांगावा लागतो आणि जोडणीच्या वेळी तिचे नाव द्यावे लागते. पुन्हा पाठवण्यापूर्वी किती वेळ थांबायचे हे लायब्ररी ठरवत असल्याने, पाच सेकंद आणि पाच ओळी हा हिशेब फक्त प्रयोगशाळेतल्या यंत्रांपुरताच खरा, अशी सूचना मी प्रात्यक्षिकाच्या कागदावर लिहिली.

त्या कागदात मी आणखी एक बदल केला. बेरीज चालल्यावर ‘स्टॅटिक’ काढून पाहा, सर्व्हरवर किती ओळी येतात आणि त्यांत किती सेकंदांचे अंतर आहे ते जर्नलमध्ये नोंदवा, असा भाग वाढवला. पहिल्याच तुकडीत एका विद्यार्थिनीने विचारले की, एकाच वेळी दोन क्लायंट आले तर त्या एकाच स्टॅटिक जागेत दोघांची उत्तरे मिसळणार नाहीत का. हा सर्व्हर एका वेळी एकच विनंती हाताळतो, म्हणून इथे मिसळत नाहीत. पण प्रश्न बरोबर होता, आणि त्यासाठी आरपीसीजेनला ‘एम’ हा पर्याय आहे. तो दिला की उत्तराची जागा बाहेरून फंक्शनकडे येते, आणि फंक्शनने पॉइंटरऐवजी केवळ काम झाले की नाही ते सांगायचे असते. पुढच्या आठवड्यात तिने तसा सर्व्हर लिहून आणला. बेरीज बाहेरून आलेल्या जागेत ठेवली आणि मुख्य फंक्शनमध्ये यशाची खूण म्हणून लिहितात तसे शेवटी शून्य परत केले. क्लायंट चालवला, सर्व्हरवर ‘५ + ७ = १२’ आले, पाच सेकंदांनी पुन्हा आले. तिसरी ओळ येण्याआधीच तिने सर्व्हर थांबवला, आरपीसीजेनने बनवलेली फाइल उघडली, आणि परत आलेले मूल्य शून्याहून मोठे असेल तरच उत्तर पाठवा, असे सांगणाऱ्या ओळीवर बोट ठेवले.